ड्रम कोअरमध्ये नक्की किती जण असतात? ट्रंपेट किती, ड्रम किती आणि ठरवतं कोण?

टिपरूवाला_पुणे

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच विचारतोय इथे, काही चुकलं तर सांभाळून घ्या. पुण्यात एका पथकात नऊ वर्षं ढोल वाजवतोय, सध्या नदीपात्रात सराव चालूये. परवा सराव संपल्यावर चहाला थांबलेलो तेव्हा आमच्यातल्या एकाने मोबाईलवर अमेरिकेतल्या ड्रम कोअरचा व्हिडिओ लावला, ते अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर पळत पळत वाजवतात ना ते, आणि तिथून जे भांडण सुरू झालं ते दोन चहा होऊन पण मिटलं नाही.

विषय असा की आमच्याकडे दर वर्षी किती ढोलांमागे किती ताशे यावर वाद होतो. ताशेवाले म्हणतात आम्ही कमी पडतो, ढोलवाले म्हणतात तुमचा एक ताशा आमच्या सहा ढोलांना भारी पडतो. तर तो व्हिडिओवाला म्हणाला बघा यांच्याकडे दीडशे माणसं आहेत आणि ड्रम फक्त वीस! मी म्हटलं शक्यच नाही, नावातच ड्रम आहे. मग व्हिडिओ थांबवून थांबवून मोजलं तर कधी १६ येतात कधी २१, माणसं एका जागी थांबतच नाहीत राव.

तर विचारायचं एवढंच की एकूण किती जण असतात, त्यात पितळी वाद्यं किती, ड्रम किती, ते पुढे मांडून ठेवलेलं झायलोफोनसारखं काय असतं, झेंडेवाले किती आणि हा आकडा कोणी ठरवलाय? नियम आहे का आपापल्या मनाने? आणि पाच जणांच्या गळ्यात पाच वेगवेगळ्या आकाराचे मोठे ड्रम का असतात, आमच्यात वेगळ्या मापाचा ढोल आणला तर प्रमुख परत पाठवतात.

आपल्याकडे तर संख्येचा प्रश्न थेट कोर्टात जातो, २०२४ ला हरित लवादाने पथकाला ३० ची मर्यादा घातली आणि मग सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. त्यांच्याकडे कोण ठरवतं ते कळलं तर बरं होईल.

---

मेलोफोनची_आई

टिपरूवाला, मी इंडियानात राहते आणि माझी मुलगी दोन उन्हाळे एका कोअरमध्ये मेलोफोन, म्हणजे एक पितळी वाद्य, वाजवत होती. आधीच सांगते, मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण मी स्वयंपाकाच्या ट्रकवर दोन वर्षं पोळ्या नाही तर पॅनकेक लाटलेत म्हणा, त्यामुळे किती जण असतात हे मला ताटांवरून पाठ आहे.

पहिली गोष्ट, स्पेलिंगमध्ये पी आणि एस दोन्ही आहेत पण उच्चार कोअर असाच करायचा. मी पहिल्या दिवशी कोर्प्स म्हणाले आणि लेकीने डोळे असे फिरवले की विचारू नका.

यांची मुख्य संस्था म्हणजे ड्रम कोअर इंटरनॅशनल, सगळे डीसीआय म्हणतात. तीच नियम करते आणि स्पर्धा घेते. वरच्या गटाला वर्ल्ड क्लास म्हणतात, तिथे एका कोअरला आता जास्तीत जास्त १६५ पोरं घेता येतात. हा आकडा वाढत वाढत आलाय, फार पूर्वी १२८ होता, मग १३५, मग १५०, १५४ आणि आता १६५. म्हणजे मर्यादा नियमाने, पण त्या १६५ मध्ये कोणाला किती जागा हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यामुळे तुमच्या व्हिडिओत दीडशे दिसले असतील तर तो जुना असणार, नाहीतर त्या कोअरला पूर्ण १६५ मिळाले नसणार. खालच्या गटात, ओपन क्लासमध्ये तर साठ-सत्तर पोरांचे पण कोअर असतात.

आमच्या ट्रकच्या भिंतीवर कागद चिकटवलेला असायचा, कोणता सेक्शन कधी जेवणार त्याचा. साधारण असं होतं बघा, हॉर्नलाइन म्हणजे सगळे पितळवाले ऐंशीच्या आसपास, बॅटरी म्हणजे गळ्यात ड्रम घालून चालणारे १९, पिट म्हणजे पुढे मांडून वाजवणारे १६, कलर गार्ड, तुम्ही झेंडेवाले म्हणालात ते, चाळीसच्या वर, आणि ड्रम मेजर, जे चौथऱ्यावर उभं राहून हातवारे करतात ते, तीन-चार. वर शिकवणारे, ड्रायव्हर, आम्ही स्वयंपाकवाले धरून ताटं दोनशेच्या पुढे, आणि दिवसातून चार वेळा जेवण! रात्रीचा कार्यक्रम संपल्यावर साडेअकराला चौथं. एकदा मी सेक्शनप्रमाणे मोजून सँडविच केले आणि ट्यूबावाले, म्हणजे सगळ्यात मोठं पितळी वाद्य वाजवणारे, दुसऱ्यांदा रांगेत आले, तेव्हापासून ट्यूबावाला म्हणजे दीड माणूस असा हिशोब धरायचो आम्ही. खरंच सांगते, एवढं पितळ खांद्यावर घेऊन दिवसभर उन्हात पळाल्यावर कोण एका सँडविचवर थांबणार.

वय पण बघितलं जातं हो, २१ पर्यंतच. १ जूनच्या आधी २२ पूर्ण झाली की संपलं, त्याला एज आऊट म्हणतात आणि शेवटच्या दिवशी सगळे ढसाढसा रडतात.

ड्रमचं मला विचारू नका, ते इथे कोणीतरी सांगेलच.

---

तिसरा_बेस

ताईंनी बोलावलंच आहे तर येतो. मी नाशिकचा, आठवीत असताना घरचे टेक्सासला आले, तिथे शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये शिरलो आणि मग दोन उन्हाळे ड्रम कोअर केलं. बेस ड्रम नंबर तीन, म्हणून हे नाव. कोअरचं नाव सांगत नाही.

ताईंचा हिशोब बरोबर आहे, मी फक्त फोड करून देतो. १६५ चं एक उदाहरण धरा. ट्रंपेट २६, मेलोफोन १६, बॅरिटोन आणि युफोनियम मिळून २४, ट्यूबा १६, झाले ८२. स्नेअर, म्हणजे काड्यांनी वाजवायचा टोकदार आवाजाचा ड्रम, ९, टेनर ५, बेस ५, हे १९. पिट १६, गार्ड ४४, ड्रम मेजर ४. करा बेरीज, १६५ येतात. हे कुठल्या एका कोअरचं नाही, पण बहुतेक मोठे कोअर याच्या दोन-चार इकडेतिकडे असतात. कोणी स्नेअर १० घेतं, कोणी ८, कोणी टेनर ४. बेस मात्र पाचच, तिथे सहसा कोणी हात लावत नाही.

आता ड्रम कमी का. भावा तू ढोलवाला आहेस म्हणून सांगतो, आपल्या डोक्यात गणित असं असतं की जास्त ढोल म्हणजे जास्त दणका. ढोलाचा आवाज पसरट आहे, ५० जणांत दोघे केसभर मागेपुढे झाले तरी तो दणका अजून जाड होतो, ऐकणाऱ्याला काही कळत नाही उलट मजा येते. स्नेअरचं उलटं आहे. त्यावर केव्हलरचं पान असतं, बुलेटप्रूफ जॅकेटमध्ये जो धागा वापरतात तोच, आणि ते इतकं ताणलेलं असतं की टेबलावर काठी मारल्यासारखं लागतं. आवाज एकदम कोरडा आणि टोकदार. नऊ जण वाजवतायत आणि एकाची काडी जरा उशिरा पडली तर फाटल्यासारखं ऐकू येतं. त्याला आम्ही डर्ट म्हणायचो, आणि दिवसभर काम एकच, डर्ट काढणं. काडी किती उंच उचलायची ते पण इंचात ठरलेलं, ३ इंच, ६ इंच, ९, १२, प्रत्येक ठोक्याला लिहून दिलेलं असतं. आता यात १५ स्नेअर केले तर आवाज फार वाढत नाही पण डर्ट नक्की वाढते. आणि परीक्षकाला तेच हवं असतं.

म्हणजे नऊ स्नेअर हे नऊ वादक नाहीतच, तो एक ताशा आहे असं समज, नऊ जणांनी मिळून वाजवलेला.

आता पाच बेस ड्रम, माझा विषय, इथे जरा लांबतो. सगळ्यात लहान १८ इंचाच्या आसपास, मोठा ३०-३२ पर्यंत, प्रत्येकाचा सूर वेगळा, वरून खाली उतरत जाणारा. आणि मुख्य गंमत म्हणजे आम्ही पाच जण एकच ओळ वाजवतो, पण वाटून. समज सोळा ठोक्यांची एक तान आहे, तर पहिला ठोका माझा, पुढचा शेजारच्याचा, मग परत माझा, मग तळच्या बेसचा, असं. याला स्प्लिट म्हणतात. मिनिटाला १८० मात्रांची लय असेल तर एका मात्रेत चार ठोके म्हणजे सेकंदाला बारा, आणि त्यातला माझा कदाचित फक्त एक, तो बरोबर त्या फटीत पडला पाहिजे. माझ्या एकट्याचं वाजवणं ऐकलंस तर हसशील, टक... ... टक टक... टक, कळणारच नाही काय चाललंय. पाचही जण उभे राहिले की तान तयार होते. म्हणून बेसमध्ये चारही नको न सहाही नको, रचना करणारा पाच धरूनच लिहितो. कोणी आजारी पडलं तर त्या तानेला भोक पडतं, लपवता येत नाही. आमच्या चौथ्या बेसचा घोटा मुरगळला होता जुलैमध्ये, तीन शो आम्ही दातपडक्यासारखे वाजवले.

टेनर म्हणजे एकाच माणसाच्या गळ्यात पाच-सहा छोटे ड्रम, क्वाड्स पण म्हणतात जरी चारपेक्षा जास्त असले तरी. सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनाच.

झांजांचा सेक्शन पूर्वी असायचा, आता मोठ्या कोअरमध्ये जवळजवळ दिसत नाही. झांजा पिटमध्ये स्टँडवर टांगतात. त्या जागा बहुतेक पितळाला आणि गार्डला गेल्या. मला वाईट वाटतं त्याचं, झांजवाल्यांची मिरवायची स्टाइल वेगळीच होती.

---

पितळ_मडगाव

देव बरें करूं! मी मडगावचा, ट्रंपेट वाजवतो, चर्चची फेस्तं आणि लग्नं. मराठी लिहिताना कोंकणी घुसली तर सोडून द्या.

तिसरा बेस यांनी पितळ एका ओळीत उडवलं म्हणून जरा भर घालतो, कारण या प्रकाराचं खरं नाव ड्रम अँड ब्यूगल कोअर आहे, ब्यूगल मागे गळून पडला. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या माजी सैनिकांच्या संघटनांनी पोरांची पथकं काढली, लष्करी ब्यूगल आणि ड्रम एवढंच सामान. म्हणून आजही यात सॅक्सोफोन नाही, क्लॅरिनेट नाही, बासरी नाही. फक्त पितळ, ते पण बहुतेक घंटा, म्हणजे वाद्याचं पसरट तोंड, समोर असलेलं, म्हणजे आवाज थेट प्रेक्षकात जाणारं. म्हणून तिथे आपला नेहमीचा फ्रेंच हॉर्न सहसा दिसत नाही, त्याची घंटा मागे असते ना. त्याच्या जागी मेलोफोन, मोठ्या ट्रंपेटसारखा दिसतो, एफ सुरातला, मधला भाग भरून काढतो. ताईंची मुलगी वाजवायची तो.

पूर्वी सगळे ब्यूगल जी सुरातले होते. आधी पडद्या नव्हत्याच, म्हणजे व्हॉल्व्ह, मग एक आला, मग दोन, आणि तीन व्हॉल्व्हना परवानगी १९९० मध्ये. २००० पासून कुठल्याही सुरातलं पितळ चालतं, तेव्हापासून बहुतेकांनी बी फ्लॅटचे ट्रंपेट आणि ट्यूबा घेतले. माझ्याकडे जुन्या जी ब्यूगलचं एक रेकॉर्डिंग आहे, सुरात थोडं इकडेतिकडे आहे पण अंगावर येतं. आताचे जास्त गोड वाजतात, जास्त सुरात, पण तो रांगडेपणा गेला असं माझं मत. २०१४ पासून ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न आणि सुसाफोन पण चालतात पण त्यांचा वेगळा सेक्शन शक्यतो नसतो, बॅरिटोनवाले मधेच गवतावर ठेवलेला ट्रॉम्बोन उचलतात, आठ-दहा ओळी वाजवतात आणि परत ठेवतात.

संख्येचं म्हणाल तर आमच्या बँडमध्ये पण तोच नियम, खाली जाड आणि वर पातळ. ट्रंपेटचा आवाज टोचतो, तो आपोआप वर दिसतो, त्याला जास्त माणसं लागत नाहीत खरं तर. पण ट्यूबा आणि युफोनियम उघड्यावर विरून जातात. सोळा ट्यूबा ऐकायला खूप वाटतात, पण शंभर यार्डांच्या मैदानावर छप्पर नसलेल्या जागी उभे केलेत तर सोळा म्हणजे काहीच नाही. आमच्या फेस्ताला एक ट्यूबावाला असतो, मिरवणूक वळली की तो कुठे गेला ते कळत पण नाही.

---

टिपरूवाला_पुणे

बाप रे, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. तिसरा बेस, तुमचं ते स्प्लिटचं वाचून आमच्या ग्रुपवर टाकलं तर ताशेवाल्यांनी लगेच उचललं, म्हणे बघा नऊ जणांचा एक ताशा, आम्हाला अजून पाच द्या. म्हणजे भांडण होतं तिथेच आहे.

दोन गोष्टी कळल्या नाहीत. एक, झेंडेवाले ४४? आमच्याकडे पुढे ध्वज सहा-आठ असतात, त्यातले दोघे पाणी वाटतात. एवढ्या जागा झेंड्याला कशाला घालवायच्या, त्यात ४४ वाजवणारे घेता आले असते की. आणि दुसरं ते पिट, १६ जण चालतच नाहीत मग ते पथकात कसे?

---

मेलोफोनची_आई

झेंडेवाले म्हणालात इथवर ठीक, पण गार्डच्या एखाद्या आईसमोर म्हणू नका. 😄 आमच्या ट्रकवर एक होत्या, त्यांच्यासमोर मी "फ्लॅगवाली मुलं" म्हणाले आणि आठवडाभर मला कांदे कापायला दिले.

मार्कांचा हिशोब सांगते, म्हणजे कळेल. एकूण १०० मार्क. त्यातले ४० जनरल इफेक्टचे, म्हणजे एकूण कार्यक्रम कसा वाटला. ३० संगीताचे, ३० दिसण्याचे. संगीतात पितळ, ताल आणि एकूण संगीत असे तीन परीक्षक, दिसण्यात पण तीन, आणि त्यातला एक फक्त गार्डचा. म्हणजे शंभरातले दहा गार्डचे, दहा सगळ्या ड्रम आणि पिटचे मिळून आणि दहा पितळाचे. ८२ पितळवाल्यांना जेवढे मार्क तेवढेच ४४ गार्डला. आता सांगा जागा वाया गेल्या का?

आणि नुसते झेंडे नाहीत हो, लाकडी रायफली आणि तलवारी हवेत फेकून सहा-सात गरगर फिरवून परत पकडतात, नाचतात, मधे कपडे बदलतात. सरावाच्या मैदानावर रायफल हातावर बसली की जो आवाज येतो ना, तो अजून आठवतो. बर्फाच्या पिशव्यांचा सगळ्यात मोठा ढीग गार्डकडेच जायचा.

---

तिसरा_बेस

पिटचं मी सांगतो कारण त्यांच्याशी आमचं रोजचं भांडण.

सत्तरच्या दशकात हे पण चालायचे, टिंपनीसारखं, म्हणजे मोठ्या नगाऱ्यासारखं, धूड गळ्यात घालून, चार टिंपनी चार माणसांच्या गळ्यात, विचार कर. मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते मैदानाच्या पुढे जमिनीवर ठेवायला परवानगी मिळाली आणि तिथून वाद्यं वाढत गेली. आता झायलोफोनच्याच जातीचे मरिंबा चार-पाच, व्हायब्राफोन चार-पाच, मग झायलोफोन, ग्लॉकेन्स्पील, टिंपनी, एक ड्रमसेट, झांजा-गाँगचं एक मोठं रॅक, आणि सिंथेसायझर एक-दोन. मरिंबावाले दोन हातात चार काठ्या धरून वाजवतात. सगळं चाकांवर, शो आधी ढकलत आणायचं आणि दोन-तीन मिनिटांत केबल जोडायच्या.

केबल म्हणजे, हो, माईक आणि स्पीकर. माईकला परवानगी २००४ ला, सिंथ वगैरे इलेक्ट्रॉनिक वाद्यांना २००९ ला. यावर जुने लोक अजून भांडतात. माझं मत, मरिंबाला माईक पाहिजेच नाहीतर ती बिचारी उघड्यावर लाकडाच्या फळीसारखी वाजते, पण सिंथचा तो पोट हलवणारा बास लावून ट्यूबांना मदत करणं मला पटत नाही. १६ ट्यूबा कशाला ठेवल्यात मग.

आता भांडण काय ते. मैदानाची रुंदी जवळजवळ ४९ मीटर. पिट अगदी पुढे, आम्ही बॅटरी कधी कधी ४० मीटर मागे. आवाजाला तेवढं अंतर यायला ०.१२ सेकंद लागतात. १८० च्या लयीत एक मात्रा ०.३३ सेकंदाची. म्हणजे पिटने आणि आम्ही दोघांनी ड्रम मेजरच्या हाताकडे बघून अगदी एकदम वाजवलं, तर प्रेक्षकाला आम्ही एक तृतीयांश मात्रा मागे ऐकू येणार, सगळा चिखल. म्हणून नियम असा की पिटने हाताकडे बघायचंच नाही, कान मागे ठेवायचे, आमचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला की त्यावर वाजवायचं. आणि ड्रम मेजर पण स्वतःच्या मनाने हात हलवत नाही, त्याची नजर मधल्या स्नेअरवाल्याच्या पायावर असते, तो पाय पडला की हात खाली.

भावा हे तुला माहितीये, फक्त वेगळ्या नावाने. लक्ष्मी रोडवर शेवटच्या रांगेतल्या ढोलाला पुढचा ताशा उशिरा ऐकू येतो आणि हात, म्हणजे वाजवायचा ठेका, बदलताना मागचे मागे राहतात, म्हणून मधे एक जण उभा राहून हात वर करून दाखवतो ना, तेच. फरक एवढाच की यांनी उलटं करून टाकलंय, मागचे राजे आणि पुढच्यांनी त्यांच्या मागे जायचं.

आणि यातच तुझ्या संख्येचं उत्तर आहे. बॅटरी १९ ची असली की ती एका घोळक्यात ठेवता येते, पाच-दहा मीटरच्या आत, म्हणजे आपापसात उशीर होत नाही. ४० ड्रम केलेस तर ते पसरणार, आणि पसरले की एका टोकाचा दुसऱ्या टोकाला उशिरा ऐकणार. मग नऊ स्नेअरचा एक ताशा राहत नाही. आणि चालायचं पण असतं, आठ पावलांत पाच यार्ड, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, त्यात ड्रम समोर असल्यामुळे आडवं जायचं तर पाय आडवे टाकत खेकड्यासारखं. प्रत्येकाने कुठल्या मात्रेला मैदानावर कुठल्या ठिपक्यावर असायचं त्याची वही असते गळ्यात. १६५ ठिपके. एक जण आला नाही तर खड्डा दिसतो.

---

बसमधला_काका

वरचं सगळं ठीक आहे पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, पैसे. मी मुलासाठी दोन वर्षं भरलेत म्हणून बोलतो. एका उन्हाळ्याची फी सहज पाच-सहा हजार डॉलर, मोठ्या कोअरला. पोरं पगारी नाहीत, उलट पैसे देऊन शाळेच्या जिमच्या फरशीवर झोपतात आणि बसमध्ये देशभर फिरतात, ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला लुकस ऑइल स्टेडियममध्ये फायनल होईपर्यंत. वाद्यं कोअरची असतात, आपण माउथपीस, काठ्या, हातमोजे, बूट आणायचे. त्यामुळे किती ट्यूबा हा प्रश्न संगीताइतकाच ट्रकमध्ये किती पेट्या मावतात याचा पण असतो, आणि बसमध्ये किती सीटं. लहान कोअरला १६५ ची परवानगी असून उपयोग काय, १६५ पोरं, तेवढी वाद्यं आणि डिझेल कुठून आणणार. १९३४ पासूनचं कॅडेट्स २०२४ मध्ये बंद झालं, एवढं जुनं आणि जिंकलेलं कोअर, त्यामुळे बाकीच्यांचं काय सांगावं.

लहान कोअर काय करतात ते जास्त शिकण्यासारखं आहे तुमच्या पथकाला. समजा ७० च पोरं आहेत तर ते सगळं अर्ध्यावर आणत नाहीत. पितळ पस्तीसच्या आसपास, स्नेअर चार-पाच, टेनर दोन-तीन, बेस चार किंवा पाच, पिट आठ-दहा, गार्ड पंधरा. म्हणजे पितळ निम्म्याहून खाली गेलं पण बेस जवळजवळ तेवढेच राहिले, कारण वर सांगितलंय तसं ती तान वाटायला तेवढे लागतातच. प्रमाण बघू नका, कमीत कमी किती लागतात ते बघा, त्याच्या वरचे सगळे बजेटवर.

---

पितळ_मडगाव

काका, डिझेलचं बरोबर बोललात. आमच्याकडे पण ट्यूबावाला कमी का, तर तो स्कूटरवर येऊ शकत नाही.

---

टिपरूवाला_पुणे

काल करून बघितलं!! म्हणजे ते स्प्लिट. पाच ढोल वेगवेगळे आवळले, एकाला जास्त ओढला, एकाला ढिला सोडला, आणि आमचा साधा पहिला हात पाच जणांत वाटून दिला, प्रत्येकाने फक्त आपापला ठोका वाजवायचा. पहिल्या वेळी असं वाटलं की जिन्यावरून कोणीतरी पिंप ढकललंय. दुसऱ्या वेळी तीन नंबरवाला हसायलाच लागला. चौथ्या-पाचव्या वेळी अर्धं आवर्तन जमलं आणि शेजारच्या पथकातली पोरं सराव सोडून बघायला आली राव. मग परत विस्कटलं. टिपरूच्या, म्हणजे काठीच्या, बाजूने जरा तरी होतं, थापेच्या, म्हणजे तळव्याच्या, बाजूने तर अजिबातच नाही.

तिसरा बेस दादा, काही युक्ती आहे का? प्रत्येक जण स्वतःचा ठोका मोजत बसतो आणि उशीर होतो.

---

तिसरा_बेस

मोजत बसला की उशीर होणारच. ढोल खाली ठेवा आधी. पाचही जण ओळीत उभे रहा, पाय जागेवर चालू ठेवा, आणि सगळ्यांनी पूर्ण हात तोंडाने म्हणायचा, पूर्ण, स्वतःचा ठोका आला की फक्त मांडीवर मारायचा. तोंड थांबवायचं नाही. आम्ही बसमध्ये, जेवणाच्या रांगेत, ताईंच्या ट्रकसमोर पण हेच करायचो. तोंडात पूर्ण हात बसला की मग एकेकाने आवाज बंद करायचा पण डोक्यात चालू ठेवायचा. लय अर्ध्याने कमी करा, वाढवायची घाई नको, आम्हाला एक ओळ बसवायला दोन दिवस लागले होते आणि आम्ही दिवसाला दहा-बारा तास तेच करत होतो.

थापेची बाजू सोडून द्या सध्या. आणि ज्याला हसू येतंय त्याला तळच्या ढोलावर टाका, तिथे ठोके कमी असतात.

---

टिपरूवाला_पुणे

तळच्यावर तोच होता 😭

उद्या साडेसहाला परत बघतो. ताशेवाल्यांना अजून सांगितलं नाहीये.